काकीचा शुक्रवार

आमच्या वॉर्डातल्या निम्म्या माणसांचा जन्म एक जुलैला झालेला होता. चुलते, पुतणे, शेजारी, पोस्टमन, सगळे एक जुलै. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नव्हता. शाळा एक जुलैला उघडायची. बाप पोराला हाताला धरून आणायचा. गुरुजी विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप सांगायचा, "धानाची रोवणी चालू होती जी." कोणत्या सालची रोवणी, ते बापाला सांगता यायचं नाही. मग गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे. हात कानाला लागला तर पोरगा सहा वर्षांचा, नाही लागला तर पाच. तारीख मात्र ठरलेली, एक जुलै. आमच्या मागच्या गल्लीत एका घरी थोरला भाऊ धाकट्यापेक्षा वर्षानं लहान होता, कारण थोरल्याचे हात आखूड होते.

अशा गावात मी जन्मवार सांगायचा धंदा सुरू केला. धंदा म्हणजे फुकटचा. मोबदला इतकाच, की चार माणसं तोंड उघडं टाकून आपल्याकडे बघतात.

ही विद्या मला गणिताच्या सरांनी दिली. मी तेव्हा बालाघाटच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. सरांच्या घरी वही परत करायला गेलो, तर ते ओसरीत बसून सुपारी कातरत होते. मी सायकलवरून उतरलोही नव्हतो. त्यांनी माझी जन्मतारीख विचारली, दोनदा डोळे मिचकावले आणि म्हणाले, "सोमवार." घरी आईनंही सोमवारच सांगितला होता. मी तिथेच सायकल भिंतीला टेकवली आणि त्यांच्या पायाशी बसलो. बारा महिन्यांचे बारा आकडे असतात, ते पाठ करायचे. त्यात सालाचे शेवटचे दोन अंक मिळवायचे, त्यांचा चौथा हिस्सा मिळवायचा, तारीख मिळवायची, सगळ्याला सातनं भागायचं. जे उरेल तो वार. अर्ध्या तासात मला सगळं आलं. निदान मला तसं वाटलं. मी सायकलवर टांग टाकली तेव्हा सर मागून म्हणाले, "थांब गा, अजून एक गोष्ट राह्यली." मी म्हणालो, "उद्या येतो सर!" तो उद्या पाच वर्षांनी उजाडला.

कारण मला घाई होती. त्याच संध्याकाळी पानठेल्यासमोर माझा पहिला प्रयोग झाला. मी खांद्यावरचा दुपट्टा डोक्याला गुंडाळला, डोळे मिटले, उजव्या हाताची बोटं हवेत नाचवली. हे बोटं नाचवणं गणिताला लागत नाही, ते माझ्या स्वभावाला लागतं. "तुमची तारीख?" पानवाला म्हणाला, "एक जुलै, साल तीस." मी गडगडलो, "मंगळवार!" लोक थक्क. आज मला कळतं की ते कशानं थक्क झाले होते. खरं खोटं करायला त्यांच्यापाशी काही नव्हतंच. मी पुढे त्यांचं वय रविवारांत सांगू लागलो. "काका, तुम्ही आजवर दोन हजारांवर रविवार पाहिले." काका घरी जाऊन बायकोला सांगायचे, आणि बायको म्हणायची, "एकाही रविवारी घर झाडलं नाई."

फक्त चौकातला न्हावी माझ्यावर चिडला. आमच्याकडे आपल्या जन्मवारी कोणी केस कापत नाही. आजवर कोणाला वारच माहीत नव्हता, त्यामुळे त्याची खुर्ची रोज भरलेली असायची. आता माणसं खुर्चीवर बसता बसता उठू लागली. एकदा मला रस्त्यात गाठून तो म्हणाला, "महाराज, आपने मेरा इतवार चौपट कर दिया. आधा मोहल्ला इतवार को पैदा कर डाला! थोड़े लोग मंगलवार को भी पैदा करो ना, मंगल को तो दुकान वैसे ही बंद रहती है." मी त्याला पुढच्या आठवड्यात चार मंगळवार देतो म्हणालो, आणि दिलेही. ते चौघं खरोखर कधी जन्मले होते, देव जाणे.

इथपर्यंत गंमत होती. आता काकी.

काकी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगा, तो नुकताच फौजेत ड्रायव्हर म्हणून लागला होता. काकीला लिहितावाचता येत नव्हतं. मुलाची पत्रं मी वाचून दाखवायचो आणि उत्तरंही मीच लिहायचो, त्यामुळे त्या घरातलं माझ्यापासून काही लपलेलं नव्हतं. मुलाची जन्मतारीख मात्र एक जुलै नव्हती. नवऱ्यानं ती टिनाच्या पेटीच्या झाकणाला आतून शाईनं लिहून ठेवली होती. तारीख, महिना, साल. वार लिहिला नव्हता.

वार काकीला माहीत होता. मुलाच्या जन्मवारी आईनं डोक्यावरून पाणी घेऊ नये, त्यानं लेकराचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडच्या बाया मानतात. काकी शुक्रवारी कधी न्हात नसे. मुलगा जन्मल्यापासून एकही शुक्रवार तिनं चुकवला नव्हता, बाळंतपणातला सव्वा महिना धरून.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी काकीच्या अंगणात शेवया चालल्या होत्या. पाच-सहा बाया, मधे बाज उलटी टाकलेली, तिच्यावर शेवया वाळत घातलेल्या. मी सावलीत बसून बायांचे वार काढत होतो. बाया कणीक तोडता तोडता हसत होत्या. कोणीतरी म्हणालं, "काकीच्या पोराचा काढ ना गा."

काकी म्हणाली, "त्याचा काय काढतं? त्याचा शुक्रवार हाये."

हे मला लागलं. माझ्या रंगमंचावर येऊन कोणी आधीच उत्तर सांगून टाकावं? मी उठलो, आत गेलो, पेटीचं झाकण उघडून तारीख पाहिली. फेब्रुवारी. साल लीप वर्षाचं. बाहेर येऊन दुपट्टा बांधला, बोटं नाचवली आणि जाहीर केलं, "शनिवार!"

"शुक्रवार हाये गा बाबू," काकी म्हणाली. "मी माहेरी होती, लामत्याकडं. आमच्या गावचा बाजार गुरुवारचा. मी सोताच्या पायानं बाजारात गेलती, मुरमुरे आनले. रातभर पोट दुखलं अन् सकाळी हा झाला."

मी हसलो. ते हसू मला आजही आठवतं, आणि ते आठवलं की मान खाली जाते. मी म्हणालो, "काकी, बाजाराचा वार बदलू शकते. मानूस विसरू शकते. गनित विसरत नाही." आणि जमिनीवर कोळशानं आकडेमोड लिहून दाखवली. बेरीज, सातनं भाग, बाकी. त्यातला एकही आकडा तिला वाचता येत नव्हता. त्यामुळेच ती त्याच्याकडे जास्त गंभीरपणे बघत राहिली.

"कॉलेजात शिकते ना तो," एक बाई म्हणाली. "त्याचं चुकन काय?"

"शनिवार, मायबाई," दुसरी म्हणाली. "शनीचा वार. मंग तं अजून जपून ऱ्हा."

काकीनं नवी शेवई ओढायला घेतली. हातातली शेवई तुटली. मग तिनं मला विचारलं, "पक्कं हाये ना?"

"पक्कं," मी म्हणालो.

त्या आठवड्यापासून काकी शनिवारी न्हायची बंद झाली. आणि डोकं धुवायला तिनं शुक्रवार धरला. इतक्या वर्षांचा बंद वार आता मोकळा झाला होता. शुक्रवारी सकाळी चुलीवर गुंडभर, म्हणजे पितळी हंडाभर, पाणी, वाटीत शिकेकाई, आणि दहाच्या सुमारास अंगणात पाठमोरी बसून ती केस वाळवायची. पांढरे होत चाललेले लांब केस, ऊन त्यांच्यातून आरपार. पाच वर्षं मी ते दृश्य दर शुक्रवारी पाहिलं आणि मला त्यात काहीही वावगं दिसलं नाही. उलट आपल्या विद्येचा मान राखला जातोय, म्हणून बरं वाटायचं. मुलाला लिहिलेल्या एका पत्रात तिच्या सांगण्यावरून मी हेही लिहिलं, "तुझा वार शनिवार निघाला, मी पाळत आहे, काळजी नसावी."

एकाहत्तर साल आलं. पावसाळ्यानंतर मुलाची पत्रं विरळ झाली आणि नोव्हेंबरात थांबली. लढाई लागणार असं सगळे म्हणत होते. काकी पोस्टमनची सायकल वळणावर दिसली की उठून उभी राहायची आणि ती पुढे गेली की परत बसायची.

त्याच महिन्याच्या शेवटी माझी बहीण वारासिवनीहून माहेरपणाला आली. तिची मुलगी चौथ्या वर्षात होती. मी नोकरीला लागलो होतो, वार काढायची हौस कमी झाली होती, पण भाची मांडीवर येऊन बसली आणि बहीण म्हणाली, "हिचा काढ ना, दादा. तू कधी काढलाच नाही." मी खेळ केला. दुपट्टा, बोटं. "शुक्रवार!"

"हॅट," बहीण म्हणाली. "गुरुवार."

"गणित आहे हे."

"अन् मी तिची माय आहे. अरे, तूच तर त्या दिवशी दवाखान्यात डबा आणलता. आईचा गुरुवारचा उपास होता, म्हणून साबुदाणा होता डब्यात. विसरला?"

विसरलो नव्हतो. साबुदाणा मला आठवत होता, कारण त्यातला निम्मा मी वाटेत खाल्ला होता. त्या सालचं कॅलेंडर आईनं फडताळात कागद म्हणून पसरलं होतं. डबे बाजूला करून मी ते काढलं. फेब्रुवारी. गुरुवार. माझं गणित एका दिवसानं पुढे होतं.

आणि साल लीप वर्षाचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेलो. ते निवृत्त झाले होते, ओसरी तीच होती, सुपारीही तीच असावी. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओळखलं. "लीप वर्षातल्या जानेवारी-फेब्रुवारीत एक वजा करायचा," ते वर न बघता म्हणाले. "तेवढंच राह्यलं होतं. तू सायकलवर बसला होता."

मी पायी घरी आलो. माझा स्वतःचा जन्मवारावर विश्वास होता का? नव्हता. मी बी.एस्सी. होतो. पण काकीचा होता, आणि तिच्यापाशी मुलासाठी करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती. ती गोष्ट मी चार बायांसमोर तिच्या हातातून काढून घेतली होती, आणि बदल्यात जे दिलं होतं ते नेमकं उलटं होतं. ज्या एका दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, त्याच दिवशी ती पाच वर्षं न चुकता घेत होती.

सरळ जाऊन सांगावं, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण पत्र नसलेल्या बाईला हे कसं सांगायचं? असं मी स्वतःला म्हणालो. खरं कारण असं, की मला लाज वाटत होती. मी लाजेवर माझा नेहमीचा उपाय केला. नाटक.

पहिल्या शुक्रवारी सकाळीच मी काकीकडे गेलो आणि चुलीवर चढवायच्या आधीच तिचा गुंड उचलला. "आईनं मांगला काकी, आमचा गळून राह्यला." संध्याकाळी परत नेऊन दिला. काकी म्हणाली, "दिवसभर काय करत होते गा तुमी त्याच्यात?" दुसऱ्या दिवशी सकाळी पानठेल्यावरच्या रेडिओनं सांगितलं, की लढाई लागली.

दुसऱ्या शुक्रवारी मला बहिणीला सासरी पोचवायचं होतं. मी बसमध्ये बसलो तेव्हा लक्षात होतं. वारासिवनी काही दूर नाही, शनिवारी सकाळी जाता आलं असतं. पण बहिणीच्या सासूनं बेसनाच्या पाटोडीचा रस्सा करते म्हणून निरोप पाठवला होता, आणि मी स्वतःशी म्हणालो, एका शुक्रवारानं काय होते. तिखट रस्सा होता, मी तीनदा वाढून घेतला. सासूबाईंनी आग्रह केला म्हणून राहिलो. शनिवारी परत आलो तर काकी दारात उभी होती आणि तिच्याकडून शिकेकाईचा वास येत होता.

तिसऱ्या शुक्रवारी गावात पेढे वाटत होते. लढाई आटोपल्यात जमा होती. काकीकडे पत्र नव्हतं. ती न्हाणीकडे निघाली आणि मी तिच्या अंगणात पोट धरून आडवा झालो. लोळलो, कण्हलो, "मेलो वो काकी" म्हणालो. मी चांगला नट आहे, पण त्या दिवशी जरा जास्तच झालं. काकीनं मला ओवा दिला, गरम मीठ फडक्यात बांधून पोटावर ठेवलं, आणि माझ्या उशाशी बसून राहिली. पाणी चुलीवर निवलं. मग ती सावकाश म्हणाली, "मागच्या मागच्या शुक्रवारी गुंड. आज पोट. काहून गा बाबू?"

मी उठून बसलो. फडकं पोटावरून खाली पडलं.

"काकी, ते शनिवार नाही. तुमचंच बरोबर होतं. शुक्रवार. फेब्रुवारीचा हिशोब माझा चुकला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "कई कळलं तुले?"

"पंधरा-वीस दिवस झाले."

"अन् तू गुंड घेऊन गेलता."

"हौ."

तिनं बोटांची पेरं मोजायला सुरुवात केली. अंगठा एकेका पेरावर टेकवत ती पुटपुटत होती. मला कळलं, की ती शुक्रवार मोजत होती, जेवढ्या शुक्रवारी ती न्हाली ते. तिची पेरं संपली, ती पुन्हा पहिल्यापासून लागली, पुन्हा संपली. लोकांचे रविवार डोळे मिटून सांगणारा मी समोर बसलो होतो. आकडा माझ्या डोक्यात केव्हाच तयार झाला होता. मी तोंड उघडलं नाही.

शेवटी तिनं मोजणं सोडलं. आवाज चढला नव्हता. "मी होती ना गा तिथं," ती म्हणाली. "तू नव्हता."

मग तिनं चुलीवरचा गुंड उतरवला आणि ते पाणी तुळशीच्या पलीकडे, वांग्याच्या आळ्यात ओतून टाकलं.

संक्रांतीच्या आधी पत्र आलं. अक्षर दुसऱ्याच कोणाचं होतं, पण पहिल्याच ओळीत होतं, मी बरा आहे. दवाखान्यात आहे. उजव्या पायाची दोन बोटं गेली, चालता येईल. कधी लागलं त्याची तारीख लिहिली होती. काकी रडली, देवापाशी गूळ ठेवला, मला गूळ दिला. आणि मग तिनं खिळ्यावरचं गेल्या सालचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं.

"त्या दिवशी कोनता वार होता, थे दाखव."

आता गणिताचं काही काम नव्हतं. डिसेंबरचं पान समोर होतं. वरची लाल ओळ रविवारची, त्याखाली सोमवार, त्याखाली मंगळवार. तारीख मला लगेच सापडली. ती सहाव्या ओळीत होती. पाटोडीच्या रश्श्याचा शुक्रवार.

माझं बोट त्या चौकटीवर टेकलं होतं. मी ते दोन ओळी वर सरकवलं.

"बुधवार, काकी."

ती वाकली. तिला आकडे येत नव्हते, पण लाल ओळ तिला माहीत होती. तिनं लाल ओळीवर नजर ठेवली आणि खाली येऊ लागली. ओठ हलत होते. रविवार, सोमवार, मंगळवार. माझ्या बोटापाशी ती थांबली.

"पक्कं?"

"पक्कं."

"फेब्रुवारीसारखं नाई ना?"

"नाही. डिसेंबरात तसं काही नसते." हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"बरं," काकी म्हणाली, आणि कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

उन्हाळ्यात मुलगा सुटीवर आला. लंगडत, हसत, पेढे घेऊन. मी तिथेच होतो जेव्हा काकीनं त्याला पाणी देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुले लागलं तवा वार कोनता होता रे?" मी भिंतीकडे पाहू लागलो. तो म्हणाला, "लढाईत वार कोन मोजते माय? लागलं तेवढं मालूम." काकीनं पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर ती शुक्रवारीही न्हायली नाही आणि शनिवारीही नाही. माझ्यावर तिनं पुन्हा कशाचाही भार टाकला नाही. पत्रं वाचायला बोलवायची, गूळ द्यायची, बाबू म्हणायची, पण तारीख कधी विचारली नाही.

शहात्तरच्या फेब्रुवारीत मला मुलगा झाला. लीप वर्ष. दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या ऑफिसातले दोघं होते, त्यातला एक म्हणाला, "अरे, आता वार काढ की!" मी काही बोलायच्या आत बाकड्यावर बसलेली काकी म्हणाली, "त्याले नका विचारू. मी हाये ना इथं. आज गुरुवार हाये." सगळे हसले. मीही हसलो.

काकी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचा मुलगा निवृत्त होऊन घरीच आहे, भेटला की मिठी मारतो. त्याला मी ती चौकट अजून दाखवलेली नाही.

चौकातल्या न्हाव्याच्या दुकानात आता त्याचा मुलगा बसतो. गेल्या महिन्यात तो मला म्हणाला, "चाचा, पिताजी बोलते थे आप सोमवार के हैं. फिर शुक्रवार को कुर्सी खाली रहती है तब भी आप क्यों नहीं बैठते?"

मी त्याला म्हणालो, कल आता हूँ.